वर्गात कुणी बोलत नाही, तक्रारी मात्र एचओडींकडे (विभागप्रमुखांकडे) पोचतात: टर्म चालू असताना मुलांचं म्हणणं कसं ऐकावं?

प्रश्न — बीम_आणि_बाक

नमस्कार मंडळी. सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाचा स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स माझ्याकडे आहे. वर्गात ७२ मुलं-मुली, प्रॅक्टिकलच्या चार बॅच. त्यातले बारा-पंधरा जण डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले. कॅपच्या (केंद्रीय प्रवेशाच्या) फेऱ्या संपून ते वर्गात येईपर्यंत एसएफडी-बीएमडी (बीममधल्या शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या) निम्मं शिकवून झालेलं असतं.

"काही शंका?" विचारलं की सगळे खाली बघतात. टर्म संपताना ऑनलाइन फीडबॅक भरला जातो तेव्हा मात्र "फास्ट शिकवतात", "समजत नाही", "प्रॅक्टिकलला काही दिसत नाही" असं येतं. तोवर ती मुलं पुढच्या सेमिस्टरला गेलेली असतात. मधे एखादी तक्रार झालीच तर ती सीआरमार्फत (वर्ग प्रतिनिधीमार्फत) एचओडींकडे जाते आणि तिथून माझ्याकडे येईपर्यंत मूळ मुद्दा काय होता तेच कळत नाही.

चार गोष्टी विचारायच्या आहेत. टर्म चालू असतानाच नेमक्या अडचणी कशा काढून घ्यायच्या? सगळ्याच मागण्या पुऱ्या होणार नाहीत, मग वर्गाला उत्तर कसं द्यायचं? जीएफएम (पालक-शिक्षक) म्हणून माझ्याकडे १८ जणांची बॅच आहे, त्यांच्या फॉर्मवर दर महिन्याला "नो प्रॉब्लेम" असतं, त्याचं काय करावं? आणि एखाद्याने काही गंभीर सांगून "कुणाला सांगू नका" म्हटलं तर?

---

उत्तर — खडू_डस्टर

टर्मच्या शेवटच्या फॉर्मकडून ही अपेक्षा ठेवू नका. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाच्या नमुन्यात २१ प्रश्न आहेत, २० खुणा करायचे आणि एकच लिहायचा. कॉलेजचे स्वतःचे फॉर्मही साधारण त्याच वळणाचे असतात. संस्थेला आकडा मिळावा म्हणून ते केलेले आहेत. चौथ्या आठवड्यात तुमच्या फळ्यावर काय बदलायला हवं, ते त्यातून कळणार नाही.

त्यासाठी चिठ्ठ्या घ्या. टर्म १४ आठवड्यांची धरली तर पहिली फेरी चौथ्या आठवड्यात, दुसरी नवव्यात. थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं उशिरा बसली असतील तर त्यांना दोन आठवडे मिळाल्यावर, फक्त त्यांना नव्हे तर सगळ्या वर्गाला, आणखी एक छोटी फेरी. युनिट टेस्टचे पेपर दाखवल्यानंतरचे तीन-चार दिवस टाळा, त्या दिवसांत चिठ्ठीत फक्त मार्क उतरतात. सबमिशनचा आठवडाही टाळा, टर्मवर्क (हजेरी, जर्नल, असाइनमेंटचे मार्क) तुमच्या हातात असताना कुणी मनातलं लिहीत नाही.

ए-फोर कागदाचे चार तुकडे करा, ७२ जणांना १८ कागद पुरतात. लेक्चरची शेवटची दहा मिनिटं राखा आणि फळ्यावर तीनच प्रश्न लिहा:

१. आत्तापर्यंत कशामुळे समजायला मदत झाली?
२. नेमकं कुठे अडलं? टॉपिक, गणित किंवा पायरी लिहा.
३. पुढच्या दोन आठवड्यांत मी कुठली एक गोष्ट बदलावी?

नाव नको, रोल नंबर नको, मराठी-हिंदी-इंग्रजी काहीही चालेल, हे तोंडाने सांगा. ते सांगितलं नाही तर मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजीत दोन शब्द खरडून मोकळी होतात, आणि ज्यांचं म्हणणं सगळ्यात जास्त हवं तीच गाळली जातात. मग तुम्ही वर्गाबाहेर जा. चिठ्ठ्या बाकाबाकाने पुढे पाठवायच्या नाहीत, वाटेत वाचल्या जातात. दाराजवळ खोकं ठेवा, घडी करून प्रत्येकाने स्वतः टाकायची. आणि हे पूर्ण वर्गाला एकदमच करा. १८ जणांच्या बॅचमध्ये जर्नल तपासणाऱ्याला अक्षर ओळखू येतं आणि मुलांना ते पक्कं ठाऊक असतं.

गुगल फॉर्म वापरायचा असेल तर ईमेल पत्ता गोळा करण्याचा पर्याय बंद आहे ना ते आधी बघा. एकाने एकदाच भरावा असं बंधन घातलं की फॉर्म लॉगिन मागतो. पत्ता तुम्हाला दिसत नसला तरी मुलांना वाटतं की नाव गेलं. तेव्हा तेही बंधन काढा. एखाद्याने दोनदा भरला तर बिघडत नाही, आपण मतं मोजत नसून अडचणी शोधतोय.

खरं काम चिठ्ठ्या वाचताना आहे. "फास्ट शिकवतात" या एका तक्रारीत निदान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात: बोलण्याचा वेग, फळा पुसण्याचा वेग आणि गाळलेली पायरी. तिन्हींवर उपाय वेगळा आहे. हळू बोलून तिसरी सुटत नाही, आणि आपल्या विषयात बहुतेकदा तिसरीच असते.

६ मीटरचा साधा आधार दिलेला बीम घ्या, पूर्ण लांबीवर १० किलोन्यूटन प्रति मीटर यूडीएल (सारखा पसरलेला भार). दोन्ही टेकूंवर ३० किलोन्यूटन, मध्यावर शिअर शून्य, आणि आपण फळ्यावर एका ओळीत लिहितो: ३० × ३ − १० × ३ × १.५ = ४५ किलोन्यूटन-मीटर. मुलं ३० × ३ पर्यंत बरोबर असतात. १.५ कुठून आला तिथे सुटतात. डावीकडच्या ३ मीटरवरचा ३० किलोन्यूटन भार त्याच्या मध्याशी एकवटला असं धरलं आणि तो मध्य छेदापासून १.५ मीटरवर आहे, हे आपल्या डोक्यात इतकं मुरलेलं असतं की लिहायचं राहून जातं. पुढे कँटिलिव्हरला, मग ओव्हरहँगिंग बीमला, तोच विद्यार्थी तिथेच अडखळतो आणि चिठ्ठीत लिहितो "फास्ट". उपाय म्हणजे प्रत्येक गणितात छेद घेतल्यावर डावीकडचा तुकडा वेगळा काढायचा, एकवटलेला भार बाणाने दाखवायचा, अंतर लिहायचं. दोन मिनिटं जातात.

डिप्लोमाच्या मुलांचं "समजत नाही" वेगळं असतं. त्यांना हा विषय येतो, पण संकेत वेगळे शिकलेले असतात. छेदाच्या डावीकडचं वर जाणारं बल धन की ऋण, बीएमडी ताणाच्या बाजूला काढायची की सॅगिंग (बीम खाली वाकणं) वर दाखवायचं, हे पुस्तकागणिक बदलतं. बाहेर क्लास लावलेला असेल तर तिसरीच पद्धत. तुमचा संकेत आकृतीसह फळ्याच्या एका कोपऱ्यात महिनाभर रोज लिहा, आणि दुसरा संकेत वापरून कुणी गणित शेवटपर्यंत नीट नेलं तर मार्क कापणार नाही असं एकदा स्पष्ट सांगा. पेपरावर वापरलेला संकेत लिहिणं मात्र सक्तीचं ठेवा.

वाचून झालं की चार गठ्ठे करा: उद्यापासून मी बदलू शकतो ते, पंधरा दिवस लागतील ते, एचओडी किंवा ऑफिसची परवानगी लागेल ते, आणि बदलता येणार नाही ते. ७२ चिठ्ठ्यांना पाऊण तास लागतो. अपमानकारक चिठ्ठ्या येतात. त्या बाजूला ठेवा आणि वर्गात त्यांचा उल्लेखही करू नका. अक्षरावरून शोध घेतलात तर ती बातमी त्याच दिवशी सगळ्या वर्गात जाते आणि पुढच्या फेरीला कोरे कागद येतात.

उत्तर पुढच्याच लेक्चरला, फार तर आठवड्याच्या आत. याला उशीर झाला तर चिठ्ठ्या घेतल्या नसत्या तर बरं झालं असतं, कारण मुलं त्यातून "लिहून काही होत नाही" एवढंच शिकतात. सुरुवातीची सात-आठ मिनिटं पुरतात. साधारण असं बोला:

"६४ चिठ्ठ्या आल्या. तीसेक जणांनी लिहिलंय की यूडीएलमध्ये अंतर कुठून घ्यायचं ते कळत नाही. आजपासून प्रत्येक गणितात तुकडा वेगळा काढणार. आठ-नऊ जणांना वेग कमी वाटतोय. त्यांच्यासाठी दर शुक्रवारी एक अवघड गणित देईन, ऐच्छिक. असाइनमेंट कमी करा असं बारा जणांनी लिहिलंय. त्या टर्मवर्कमध्ये धरलेल्या आहेत, संख्या कमी होणार नाही. पण दोन विषयांच्या तारखा एकाच दिवशी येतायत, त्यातली माझी मी चार दिवस पुढे नेतो."

एकमेकांविरुद्धचे आकडे मुद्दाम सांगा. अर्ध्या वर्गाला "फास्ट" आणि दुसऱ्यांना "स्लो" वाटतंय हे मुलांना माहीत नसतं, आणि कळल्यावर त्यांची मागणी जास्त समंजस होते. "नाही" म्हणायचं तेव्हा कारण त्याच वाक्यात द्या. "बघू" म्हणू नका. "बघू" चा हिशेब वर्ग ठेवतो.

"प्रॅक्टिकलला काही दिसत नाही" हे बहुधा खरंच असतं. एका यूटीएमभोवती (सळी ताणून तोडणाऱ्या मशीनभोवती) १८ जण उभे राहिले तर डायल पुढच्या पाचांनाच दिसतो. बॅचचे चार गट करा. एक मशीनवर, दुसरा व्हर्नियरने तुकड्यांचा व्यास आणि गेज लेंग्थ मोजायला, तिसरा रॉकवेल हार्डनेसवर, चौथा मागच्या रीडिंगचा स्ट्रेस-स्ट्रेन आलेख काढायला. २५ मिनिटांनी गट फिरवले तर दोन तासांत चार फेऱ्या होऊन वीस मिनिटं उरतात. एकाऐवजी चार सळ्या तुटणार, म्हणून स्टोअरला इंडेंट (मागणीपत्र) टर्मच्या सुरुवातीलाच द्यावं लागतं आणि लॅब असिस्टंटला विश्वासात घ्यावं लागतं. हा तिसऱ्या गठ्ठ्यातला विषय. परवानगी कुठल्या तारखेला मागितली आणि काय उत्तर आलं, दोन्ही वर्गाला सांगा.

---

उत्तर — शेवटचा_बाक

मुलांच्या बाजूने दोन गोष्टी.

"काही शंका?" ला उत्तर न येण्याचं कारण लाजाळूपणा हे फार थोडं. हात वर केला की "मला समजलं नाही" हे ७१ जणांसमोर कबूल होतं, आणि ज्यांच्या हातात ओरल-टर्मवर्क आहे त्यांच्यासमोर होतं. प्रश्नच असा विचारा की उत्तरात कमीपणा नसेल: "या तीन पायऱ्यांपैकी कुठली पुन्हा हवी? एक, दोन की तीन, बोटं दाखवा." बोटं छातीजवळ धरून दाखवायची, मागच्याला दिसत नाहीत. विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. शिक्षक बहुतेकदा दोन-तीन सेकंदांतच "चला, पुढे" म्हणतात आणि प्रश्न तोंडाशी आलेला असतो तो गिळला जातो.

दुसरं, सीआर. सीआर हा निरोप्या म्हणून ठीक, पण एकुलती एक वाट म्हणून नाही. सीआरला स्वतःचेही मार्क सांभाळायचे असतात, त्यामुळे तो तक्रार मऊ करतो किंवा स्वतःवर येऊ नये म्हणून वर नेतो. एचओडींकडे थेट जाण्याचं कारण बहुतेकदा हेच. पंधरवड्यातून एकदा सीआर, एलआर (मुलींची प्रतिनिधी), डिप्लोमाहून आलेल्यांपैकी एक, रोज गावाहून येणाऱ्यांपैकी एक आणि हॉस्टेलचा एक अशा पाच जणांना पंधरा मिनिटं बोलवा. तीन महिने तेच पाच ठेवू नका, नाहीतर वर्ग त्यांना "सरांची माणसं" म्हणायला लागतो. त्यांना विचारायचं ते "वर्ग काय म्हणतो?" हे, "कोण म्हणतं?" हे कधीच नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी तक्रार टाकली तर तिथे वाद घालू नका. "वाचलं, उद्याच्या लेक्चरला बोलू" एवढंच लिहा आणि उद्या बोला.

---

उत्तर — जीएफएम_डायरी

फॉर्मवर "नो प्रॉब्लेम" येतं कारण फॉर्म बॅचला एकत्र भरायला देतात, पहिल्याने लिहिलेलं सतरा जण उतरवतात. फॉर्म मुलांच्या हातात देऊच नका. तुम्ही बोला आणि तुम्हीच भरा.

१८ जण, प्रत्येकी दहा-बारा मिनिटं. आठवड्याला पाच घेतले तर चार आठवड्यांत फेरी पूर्ण. क्रम रोल नंबरने लावा. गैरहजेरीवाल्यांनाच आधी बोलावलं की जीएफएमची भेट म्हणजे शिक्षा असा समज होतो. जागा स्टाफरूम नको, ज्यांच्याविषयी बोलायचंय ते शेजारीच बसलेले असतात. रिकामी लॅब, दार उघडं, बोलणं बाहेर ऐकू जाणार नाही पण माणसं दिसतील अशी. मोबाइल उलटा करून बाजूला.

"काही प्रॉब्लेम आहे का?" ला उत्तर "नाही सर" हेच येणार. ज्याचं उत्तर वस्तुस्थितीत द्यावं लागतं असं विचारा. "घरून किती वाजता निघतेस?" "गेल्या आठवड्यात कुठल्या विषयाला बसावंसं वाटलं नाही?" "जर्नल कुणाबरोबर लिहितोस?" "सकाळी डबा असतो की कँटीन?" पावणेनऊच्या लेक्चरला कायम उशीर करणारा मुलगा साडेसहाच्या एसटीने निघून स्टँडवरून चालत येतोय हे असल्या प्रश्नातून कळतं. मग हजेरीच्या ७५ टक्क्यांचं बोलणं वेगळं होतं: पहिलं लेक्चर कुठल्या दिवशी बुडतं, त्या विषयाच्या शिक्षकांशी आधी बोलून डिफॉल्टर लिस्ट (हजेरी कमी असलेल्यांची यादी) लागण्यापूर्वी काय भरून काढता येईल. लिस्ट लागल्यावर हातात फार काही राहत नाही.

ऐकताना पहिली पाच मिनिटं उपाय सुचवायचा नाही. हे शिक्षकाला फार जड जातं. मुलगी म्हणते "मॅथ्स जमत नाही", आपण लगेच "रोज दोन गणितं सोडव" म्हणतो आणि ती "हो मॅडम" म्हणून उठते. त्याऐवजी तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत परत म्हणा, "म्हणजे वर्गात कळतं, घरी गेल्यावर सुटत नाही, असं?" आणि थांबा. पुढचं वाक्य बहुतेकदा खरं कारण असतं: घरी बसायला जागा नाही, फी बाकी आहे, एटीकेटीचा (मागे राहिलेल्या विषयाचा) पेपर डोक्यावर आहे.

फी आणि स्कॉलरशिपची अडचण ऐकून सोडून देऊ नका, तिच्यात करण्यासारखं खूप असतं. महाडीबीटीचा (राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवरचा) अर्ज कुठल्या टप्प्यावर थांबलाय ते विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये दिसतं. तो तुमच्यासमोर उघडायला सांगा. कॉलेजकडे असेल तर स्कॉलरशिपच्या टेबलावर तुम्ही स्वतः बरोबर जा. मंजूर होऊनही पैसे आले नसतील तर आधार कुठल्या बँक खात्याला जोडलंय ते तपासायला लावा. रक्कम आधार जोडलेल्या खात्यात जाते आणि कित्येकदा ते घरच्यांनी कधीतरी उघडून विसरलेलं खातं असतं.

सहकाऱ्याविषयी तक्रार आली तर होकार भरायचा नाही आणि त्याची बाजूही घ्यायची नाही. तारीख, काय घडलं, काय शब्द वापरले आणि "तुला काय व्हायला हवंय?" एवढं विचारा. मग तीन वाटा समोर ठेवा: तू स्वतः बोल, मी नाव न घेता बोलते, किंवा लेखी दे. निवड विद्यार्थ्याची. नाव न घेता बोलायचं ठरलं तर घटनाही अशी सांगा की नाव ओळखू येणार नाही.

पालकांना फोन हा पहिला उपाय समजू नका. घरच्या दबावामुळेच मुलगा बोलायला आला असेल तर तो फोन त्याच्यावरच उलटतो. जिवाचा धोका सोडला तर आधी त्याला विचारा.

आणि भेट संपताना तारीख द्या, "गुरुवारी लंच ब्रेकमध्ये पुन्हा ये, तोवर मी ऑफिसला विचारून ठेवते." डायरीत चारच रकाने पुरतात: तारीख, त्याचे शब्द, मी काय करणार, कधीपर्यंत. खाजगी गोष्ट कॉलेजच्या फॉर्मवर लिहू नका, तो फॉर्म फाइलमध्ये जातो आणि कमिटी आली की कुणीही उघडतं. तिथे "वैयक्तिक अडचण, भेट झाली, पुढची भेट अमुक तारखेला" एवढंच.

---

उत्तर — आवक_जावक

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण चांगल्या मनाचे शिक्षकही इथे गोत्यात येतात, आणि विद्यार्थ्यालाही आणतात.

"कुणाला सांगू नका" ला "नाही सांगणार" असं वचन द्यायचं नाही. बोलणं सुरू होण्याआधीच म्हणा: "तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कायद्याने कळवावंच लागेल असं काही असेल, तर ज्यांना सांगणं भाग आहे त्यांनाच सांगेन, आणि सांगण्याआधी तुला सांगेन." वचन देऊन मोडण्यापेक्षा हे बरं.

लैंगिक छळ असेल तर तो अंतर्गत समितीचा विषय. २०१३ चा कायदा आणि यूजीसीचे २०१५ चे नियम दोन्ही लागू होतात. लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची असते. तुम्ही स्वतः चौकशी करायची नाही, दोघांना समोरासमोर बसवायचं नाही, "मिटवून टाका" म्हणायचं नाही. तडजोड फक्त तक्रारदाराने स्वतः मागितली तरच होते आणि पैशांवर तर होऊच शकत नाही. तुमचं काम एवढंच: ऐकणं, समिती कुठे आहे ते सांगणं, हवं असेल तर अर्ज लिहायला मदत करणं, आणि तोंड बंद ठेवणं. गुप्तता कायद्यातच आहे.

विद्यार्थी १८ वर्षांखालचा असेल (डिप्लोमाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला बहुतेक असतात, डिग्रीच्या पहिल्या वर्षालाही काही) तर पॉक्सोच्या (बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. इथे विद्यार्थ्याची संमती हा मुद्दाच येत नाही.

रॅगिंग असेल तर त्याच दिवशी प्राचार्यांना आणि अँटी-रॅगिंग समितीला लेखी कळवा, उद्यावर टाकू नका. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, तिथे नाव न देताही तक्रार करता येते.

जगणं नकोसं झाल्याची भाषा आली तर सरळ विचारा: "जीव देण्याचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला मोकळीक मिळते. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही. समुपदेशकापर्यंत बरोबर जायचं, पाठवायचं नाही. टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. तातडीचा धोका असेल तर ११२ किंवा थेट हॉस्पिटल. जुलै २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक पात्र समुपदेशक हवा, आणि शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण. तुमच्याकडे समुपदेशक कुठल्या खोलीत, कुठल्या वारी बसतो हे आजच माहीत करून घ्या. मुलगा समोर रडत असताना ते शोधत बसू नये.

बाकी प्रवेश, फी परत न मिळणं, मूळ कागदपत्रं अडवून ठेवणं, निकाल, स्कॉलरशिप, भेदभाव या तक्रारी यूजीसीच्या २०२३ च्या नियमांखाली विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जातात. समितीत निदान एक महिला आणि निदान एक जण एससी, एसटी किंवा ओबीसी प्रवर्गातला हवा, आणि विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित असतो. समितीने तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्याची प्रत विद्यार्थ्यालाही. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत लोकपालांकडे अपील. या मुदती विद्यार्थ्याला तोंडी न सांगता लिहून द्या. अपीलाची मुदत उलटून गेल्यावर भेटायला येणाऱ्यांची अडचण सोडवणं फार कठीण होतं.

अर्ज कुठलाही असो, दोन प्रती करायला सांगा. एक ऑफिसला, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन विद्यार्थ्याकडे. पोच नसलेला अर्ज दिला होता हे पुढे सिद्ध करता येत नाही.

---

बीम_आणि_बाक

सगळ्यांचे मनापासून आभार. एक राहिलं: मार्कांच्या तक्रारी. युनिट टेस्टचे पेपर दाखवले की टेबलाभोवती वीस जण जमतात, "सर, अर्धा मार्क" सुरू होतं, आणि जो जोरात बोलतो त्याला मिळतो. शांत मुलं तशीच परत जातात. टर्मवर्कबद्दलही शेवटच्या दिवशी वाद.

---

उत्तर — खडू_डस्टर

पेपर दाखवण्याच्या दिवशी मार्क बदलायचेच नाहीत, हा नियम पहिल्या टेस्टआधी जाहीर करा. पेपर वाटण्यापूर्वी उत्तरं आणि पायरीनिहाय मार्क फळ्यावर लिहा: पाच मार्कांचं गणित असेल तर प्रतिक्रिया १, एसएफडी १, छेदाचं समीकरण १, कमाल मोमेंट १, आकृती आणि एकक १. निम्म्या शंका तिथेच मिटतात.

उरलेल्यांनी दुसऱ्या दिवसापासून चार दिवसांत कागदावर लिहून द्यायचं: प्रश्न क्रमांक, कुठली पायरी, किती मार्क हवे आणि का. रिकामी कारणं आपोआप गळतात, आणि तोंडाने भांडता न येणाऱ्यालाही तेवढीच संधी मिळते. सगळे अर्ज एकदम तपासा, एकेक करून नाही, म्हणजे माप एकच राहतं. तुमच्या तपासणीतच चूक निघाली (समजा, वेगळा संकेत वापरलेल्यांचे मार्क कापले गेले) तर तो प्रश्न अर्ज न करणाऱ्यांच्याही पेपरात पुन्हा तपासा. हे जास्तीचं काम टाळलं तर पुढच्या वेळी ७२ अर्ज येतील. एखाद्याचे मार्क कमी करण्याची धमकी देऊ नका.

टर्मवर्कचं पान दर पंधरा दिवसांनी लॅबच्या दाराआत लावा, नावाऐवजी रोल नंबर घालून: हजेरी, जर्नल, असाइनमेंट, प्रॅक्टिकल. कुणाचा रकाना चुकला असेल तर तीन दिवसांत सांगायचं, मग त्यावर लाल पेनने सही. शेवटच्या दिवशी बेरीजच उरते. विद्यापीठाच्या पेपरबद्दल मात्र तुमच्या हातात काही नाही हे पहिल्याच वाक्यात सांगा. फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या मुदतीत स्वतः करायचा. निकाल लागल्या दिवशी त्या तारखा ग्रुपवर टाका. फोटोकॉपी आल्यावर ती घेऊन तुमच्याकडे यायला सांगा, कुठल्या प्रश्नाला अर्ज करण्यात अर्थ आहे ते शेजारी बसून बघता येतं.